सिमेंटची कविता मागे घेताना

मागच्या अंकात माझी सिमेंटवरची कविता आली होती. दोस्तांनी ती उचलून धरली. भोसरीच्या बैठकीत एकानं तर ती पाठ म्हणून दाखवली. कवितेतलं म्हणणं सरळ होतं. मातीला जात असते, सिमेंटला नसते. मातीनं आपल्याला गावाबाहेर ठेवलं, सिमेंट कुणाच्याही हाताला चिकटतं. म्हणून सिमेंट झिंदाबाद. टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं.

आज ती कविता मी मागे घेतोय. कुणी दम दिला म्हणून नाही. ती अर्धीच खरी आहे म्हणून. मी चाकणच्या पुढं एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. तापून लाल झालेलं लोखंड ओढून आम्ही त्याची सळई करतो. मापात मारलेली सळई नुसती बघून ओळखू येत नाही, स्लॅब खाली आला की कळते. अर्धं खरं बोलणं तसंच असतं. कार्यकर्त्याच्या हातात तसला माल देऊ नये.

हा विचार डोक्यात कुठून शिरला ते आधी सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात पुण्यात घरांवरच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. बोलणारे आर्किटेक्ट होते. माणूस भला. पडद्यावर एकेक चित्र दाखवत होते. कोकणातलं जांभ्याचं घर, देशावरचा वाडा, मराठवाड्यातलं माळवदाचं घर, शेणानं सारवलेली ओसरी. मग एकदम आपल्या मोशी-चिखलीकडचे टॉवर. ते म्हणाले, जुनी घरं जमिनीतून उगवल्यासारखी दिसतात. दगड तिथला, माती तिथली, छपराचा उतार तिथल्या पावसाच्या हिशेबानं. काँक्रीटचं घर मात्र कुठंही नेऊन ठेवा, सारखंच. त्याला मूळ नाही. मग त्यांनी केरळात आयुष्य घालवलेल्या लॉरी बेकर यांचं नाव घेतलं. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे गांधींचं म्हणणं बेकर नेहमी सांगत.

मी हात वर केला. म्हणालो, "सर, त्या वाड्याच्या चित्रात माझं घर कुठं आहे?"

ते थांबले. चित्राकडं बघितलं. म्हणाले, "तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण तो वेगळा विषय आहे."

रात्री लोकलनं येताना तेच डोक्यात घोळत होतं. तो वेगळा विषय कसा काय?

देशावरचं गाव कसं बसलेलं असतं ते आठवा. पिकवायची ती काळी, राहायची ती पांढरी. पांढरीवर गावठाण, त्याच्याभोवती कुसू, आणि कुसाबाहेर आपण. गावाची शीव कुठून कुठं जाते हे महाराला पाठ. शिवेचं भांडण लागलं की साक्ष त्याची. म्हणजे अख्ख्या गावाचा नकाशा आपल्या डोक्यात आणि आपलं घर कुसाच्या बाहेर. चोखोबा मंगळवेढ्याला गेले ते कसे? गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गाडले गेले. साल 1338, असं परंपरा सांगते. ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा नव्हती तीच भिंत बांधताना माणूस मेला. कुणी पारंपरिक बांधकाम म्हटलं की मला आधी हे बांधकाम आठवतं.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गुन्ह्यांची यादी लिहून ठेवली आहे. म्हणजे आपण काय केलं की गावाच्या लेखी तो गुन्हा ठरायचा, त्याची यादी. इंग्रजी खंडात आहे. मी दहावी नापास माणूस, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. त्यात कौलारू घर बांधणं हा गुन्हा आहे. वस्ती दक्षिणेला असली पाहिजे, कारण दक्षिण अशुभ. वास्तुकलेतली माणसं दिशा, वारा, उतार, छप्पर यांना निसर्गाशी नातं म्हणतात. त्यातल्या प्रत्येक गोष्टीत आपल्यासाठी एकेक कलम घालून ठेवलं होतं. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं ठरवलं, ते उगाच नाही.

आणि ते पाच मैलांचं सामान? आमच्या पाच मैलांत दगड होता, तो वाड्याला गेला. सागवान वाड्याला गेलं. पांढरी माती माळवदाला गेली. आपल्या वाट्याला तुराट्यांचा कूड आणि वर पाचट. तेही पाच मैलांतलंच होतं की! मग आपल्या झोपड्यांचे फोटो का नाही काढत कुणी?

म्हणून गाव सोडून आलेल्या आपल्या माणसाला स्लॅबचं एवढं वेड का, हे हसण्यावारी नेऊ नका. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मागोमाग मोठमोठ्या कंपन्या आल्या. लातूर, नांदेड, परभणी, सोलापूरकडनं माणसं आली. कामगारांना परवडेल अशी घरं द्यायची म्हणून 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण काढलं. 2021 साली ते गुंडाळून टाकलं. मधल्या काळात त्याच्या सेक्टरांत कोण राहायला गेलं आणि नदीकाठच्या पत्र्यात कोण राहिलं, ते तुम्हीच फिरून बघा. निगडीत एका वस्तीचं नावच ओटा स्कीम आहे. नावातच सगळं आलं. तुम्हाला ओटा मिळणार, घर तुमचं तुम्ही उभं करा. लोकांनी केलं. आधी पत्रा, मग विटा, मग कुठंतरी सोसायटीचं कर्ज काढून स्लॅब. स्लॅब पडला त्या रात्री वस्तीला जेवण. त्या चार इंच काँक्रीटखाली माणूस पहिल्यांदा पाय पसरून झोपला. माझ्या कवितेतला हा भाग खरा होता. तो मी मागे घेत नाही.

आता खोटा भाग.

मी लातूरकडचा, भूकंपाच्या पट्ट्यातला. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण आज्जीनं इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथं होतो असं वाटतं. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडं आणि लाकडावर वर्षानुवर्षं टाकत गेलेली माती. असलं माळवद झोपलेल्या माणसांवर बसलं. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत मिळून सरकारी आकड्यानं आठ हजारांच्या घरात माणसं गेली. आज्जी म्हणते, "माळवद बसलं रं जागच्या जागी. आमचा कूड हालला, वाकला अन् ऱ्हायला." आमच्या वस्तीतली माणसं सकाळी मुडदे काढायला गावात गेली. ज्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाय टाकला नव्हता, त्याच्या आतनं त्यांनी माणसं ओढून काढली.

हे ऐकून कुणी म्हणेल, बरं झालं, निसर्गानं न्याय केला. मित्रांनो, असं म्हणू नका. आज्जीनं कधी म्हटलं नाही. त्या माळवदाखाली लेकरं होती. न्याय भूकंपाच्या हातानं होत नसतो.

मग जागतिक बँकेच्या पैशावर पुनर्वसन आलं. बावन्न गावं उठवून नव्या जागी बसवली. नव्या गावाला कुसू नाही, वेस नाही, सगळे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. आता बघा, माझी कविता खरी ठरायला यापेक्षा चांगली जागा कुठली? जुनं गाव मातीत गेलेलं. कोऱ्या जमिनीवर कोरं गाव, सगळं सिमेंटचं. आणि घरं कशी वाटली? ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. सात हेक्टरच्या वर असेल त्याला 750.

आमच्या घराला 250 आलं.

सिमेंट तेच, सळई तीच, मिस्त्रीही तेच. पण माप जमिनीवर ठरलं आणि जमीन कुणाकडं होती ते मी सांगायला नको. आमच्या नव्या गावात एका मापाची घरं एका रांगेत आहेत. रांग बघितली की वस्ती कळते. कुसू दगडाचं होतं तेव्हा ते पडू तरी शकत होतं. फायलीतल्या मापाला कुठला भूकंप पाडणार?

एवढं डोळ्यांसमोर असताना मी ती कविता कशी लिहिली, असं विचाराल. त्याचं कारण मला सांगावं लागेल आणि ते सांगायला जड जातंय.

आठ महिन्यांपूर्वी मी चाकणजवळच्या एका वाडीत खोली बघायला गेलो. शेताच्या जागी पाच मजली बिल्डिंग. खाली मोटारसायकलींची रांग, वर सगळी कंपन्यांतली पोरं. जिन्याला ग्रॅनाइट, भिंतींना टाइल्स. मातीचा कण सापडणार नाही. मालक ओट्यावर बसले होते.

"कुठला रे तू?"

"लातूरकडचा."

"आडनाव?"

मी माझं आडनाव नाही सांगितलं. गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं.

"म्हणजे आपल्यातलाच का?"

मी हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. खोली मिळाली. आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, देतो म्हणालो. आठ महिने झाले, देतोच म्हणतोय. बाबासाहेबांचा फोटो पेटीत कपड्यांच्या खाली आहे. ज्या गावानं आम्हाला कुसाबाहेर ठेवलं, त्याच गावाचं नाव पांघरून मी सिमेंटच्या घरात शिरलो. आणि त्याच खोलीत, त्याच पेटीवर वही ठेवून, सिमेंटला जात नसते ही कविता लिहिली. आपली लाज झाकायला माणूस कधी कधी सिद्धांत लिहितो. मी तेच केलं.

सिमेंटला जात नसते हे खरं आहे. तशी ती मातीलाही नसते. दगड, चुना, वीट, सळई, कशालाच नसते. जात जागेत असते, मापात असते, दारात असते. दारात उभं राहून विचारणाऱ्याच्या तोंडात असते. आणि त्या दिवशी ती माझ्या हसण्यातून आत गेली. आपण सामानाशी भांडत बसलो तर तिला मोकळं रान मिळतं. ते आर्किटेक्ट मातीची आरती करत होते, मी सिमेंटची करत होतो. दार दोघांनीही बघितलं नाही.

आता त्यांच्या बाजूनंही बोलायला पाहिजे, कारण त्यांचं एक म्हणणं माझ्या पाठीनं अनुभवलेलं आहे.

मी वरच्या मजल्यावर राहतो, भाडं कमी म्हणून. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उतरतो. सेकंड शिफ्ट करून बाराला यावं, फरशीवर पाणी मारावं, त्यावर चटई टाकून पडावं. भट्टीतून सुटून भट्टीत. गेल्या वर्षी आज्जी आठ दिवस राहायला आली. तिसऱ्या रात्री म्हणाली, "कुडातनं वारं तरी यायचं रं." मला राग आला. म्हणालो, "कुडातनं सापही यायचे." ती म्हणाली, "ते बी खरंच हाय." आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

आपल्या काळ्या दगडापासून सिमेंट होत नाही. त्याला चुनखडी लागते. ती चंद्रपूर-यवतमाळकडं आहे, कर्नाटकात कलबुर्गीकडं आहे. तिथं ती चौदाशे अंशांच्या वर भाजतात. कोळशाचा धूर तर होतोच, पण भाजताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगात माणूस जेवढा हा वायू सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. आमच्या मिलची भट्टी वेगळीच. वाळू नदीची, नाहीतर खाणीतला दगड दळून केलेली. मोशीच्या खाणी जाऊन बघा, डोंगर होता तिथं खड्डा आहे. दगड फोडणं पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या माथी मारलं? वडार समाजाच्या. इंद्रायणीवरचा फेस काठावरच्या कुणाच्या दारात येतो? आणि उन्हाळा वर्षागणिक वाढत चालला तर तो आधी कुणाला भाजणार? वातानुकूलित बेडरूमवाल्याला, की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला आणि पत्र्याखालच्या बाईला?

दोस्त हो, डोंगर, हवा, नदी हे पोट भरलेल्यांचे विषय आहेत असं आपण म्हणतो. मीही म्हणायचो. पण बुद्धानं कार्यकारणाची साखळी सांगितली ती फक्त विहारात बसून म्हणण्यासाठी नाही. एक कडी ओढली की दुसरी हलते. मोशीचा डोंगर ओढला की माझी रात्र हलते. तेव्हा हा विषय आपलाच आहे. फक्त "मातीकडं परत चला" हे उत्तर आपलं नाही. परत जायला आपण तिथं आत होतो कुठं?

मग परंपरा म्हणून आपल्याकडं काहीच नाही का? लोकल धरा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड. देहूरोडला 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. तसंच पुढं मळवलीला उतरा. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ला. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी. कार्ल्याच्या चैत्याच्या छताला लाकडी कमानी आहेत, अजून शाबूत. दगडाच्या छताला लाकडाची गरजच नसते. पण आधीचे चैत्य लाकडाचे असत, त्याची ती खूण. तेव्हाच्या माणसांनी नवं तंत्र घेतलं, डोंगरात शिरले आणि जुन्याची आठवण सोबत नेली. लाकडातच राहू असा हट्ट धरला नाही, आणि लाकूड विसरलेही नाहीत. दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यात सुतारही आहे. आणि मला सगळ्यात जास्त भिडलं ते विहार. मधे मोकळी जागा, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, जवळजवळ सारख्या मापाच्या. माझ्या डोळ्यांसमोर 250, 400, 750 आलं. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात सारखं माप टाकणारी छिन्नी होती. घर बांधायची ती परंपरा आपली म्हणायला काय हरकत आहे?

म्हणून सामान मातीचं की सिमेंटचं, हे मी आता शेवटी विचारतो. आधी विचारतो, जागा कुणी ठरवली? माप कुणी ठरवलं? दार कुणाला उघडतं? आणि झळ कुणाला लागते? आपल्या पट्ट्यात झोपडपट्टी पुनर्वसनाची बिल्डिंग उठेल, गावठाण वाढेल, कंपनीसाठी जमीन जाईल, तिथं हे चार प्रश्न घेऊन उभं राहायचं. त्या आर्किटेक्टलाही तेच विचारायचं आणि बिल्डरलाही. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते चाव्या वाटल्या म्हणून चौथा प्रश्न गिळायचा नाही, आणि भिंत गार आहे म्हणून पहिला सोडायचा नाही.

आता माझ्या घरचं. ओव्हरटाइमचे थोडे पैसे साठलेत. बापाला गावच्या 250 फुटांवर माडी चढवायचीय. मी नाही म्हणत होतो. वर जाऊन भाजायचंच ना! बाप म्हणाला, "जुन्या गावात माझ्या बापाला माडी बांधायची हिंमत नव्हती. मला एकदा वरनं गल्ली बघू दे." याच्यापुढं मी काय बोलणार? पण भूकंपाच्या पट्ट्यात खालच्या घराला पेलेल की नाही हे न बघता वर बांधलं तर पुन्हा माळवदच. म्हणून आधी इंजिनिअरला दाखवायचं, कॉलम आणि पट्टे पुरेशा सळईचे घ्यायचे, मग माडी. त्यासाठी वर्षभर थांबावं लागलं तरी चालेल. स्लॅबची उंची फूटभर जास्त, खिडक्या समोरासमोर, गच्चीला दर उन्हाळ्यात पांढरा चुना. एवढ्यानं स्लॅब बराच कमी तापतो आणि खर्च फार नाही. आणि अंगणात आज्जीसाठी तुराट्यांचा मांडव. बाप म्हणाला, "लोक हसतील, स्लॅबवाल्याच्या दारात कूड." हसू देत. तो कूड आता आमच्यावर लादलेला नाही, आम्ही मागून घेतलाय.

राहिलं दार. गावच्या घराचं दार मी कुणालाही उघडीन, पण इथल्या खोलीच्या दाराचं काय? दुसऱ्याला चार प्रश्न विचारायचे आणि स्वतः 'कर' लावून झोपायचं, हे जमणार नाही. येत्या एक तारखेला भाडं द्यायला जाईन तेव्हा आधार कार्डाची झेरॉक्स सोबत नेणार आहे. फोटो आज रात्रीच पेटीतून काढून भिंतीवर लावतोय. सिमेंटच्या भिंतीत खिळा सहज जात नाही, मिलमधून ड्रिल मागून आणलंय. खोली राहिली तर पुढचा मजकूर याच पत्त्यावरून येईल. नाही राहिली तर नवा पत्ता कळवीन, खऱ्या आडनावासकट.

जय भीम.